जंगल राखायचं काम पोरांना द्या, पण गावाला विचारून



नागलीची लावणी संपल्यापासून गावागावांतून एकच प्रश्न येतोय. कुणी चिठ्ठी पाठवली, कुणी बाजाराच्या दिवशी संघटनेच्या कचेरीत येऊन विचारलं. फॉरेस्टवाले गावात मिटिंग घेतात आणि सांगतात की सरकारचं धोरण बदललंय, आता जंगल गावानं आणि खात्यानं मिळून राखायचं, तेव्हा अठरा वर्षांपुढच्या पोरापोरींची नावं द्या. त्यांना खड्डे खणायचं काम देऊ, रोपं लावायचं देऊ, पुढं राखणीचंही देऊ. तर नावं द्यायची का नाही?

गावात यावर दोन मतं आहेत आणि ती लपवायचं कारण नाही. म्हातारी माणसं म्हणतात, फॉरेस्टच्या कागदावर अंगठा दिला म्हणजे प्लॉट गेला. त्यांचं चुकत नाही. त्यांनी वेठ पाहिलीय. साहेबाचा डेरा डोक्यावर वाहिलाय, कोंबडी दिलीय, गवत दिलंय, वर शिव्या खाल्ल्यात. काही गावं तर फॉरेस्टनंच जंगलात वसवली, तोडणीला आणि लावणीला मजूर हाताशी असावेत म्हणून. जमीन कसायला दिली ती कामाच्या बदल्यात. त्या गावांत तीन पिढ्या गेल्या, पण सातबारा कुणाच्या नावावर नाही. अशा माणसाला 'खात्याबरोबर मिळून' हे शब्द ऐकून हसू आलं तर नवल नाही.

तरणी पोरं वेगळं बोलतात. ती म्हणतात, दिवाळी झाली की आम्ही वीटभट्टीवर जातोच, वसईच्या रेतीवर जातो, भिवंडीला जातो, गवत कापायला जातो. शेठची उचल घेतलेली असते, म्हणून मे महिन्यापर्यंत सुटका नाही. गावाजवळ काम मिळत असेल, तेही आपल्याच जंगलाचं, तर नाही का म्हणायचं? यांचंही चुकत नाही.

आमचं म्हणणं असं आहे की काम मागायचं, नेटानं मागायचं, हक्क म्हणून मागायचं. पण ज्या जमिनीवर आपला दावा आहे तिथं एकही खड्डा पडू द्यायचा नाही. कुठल्या रानात काय काम काढायचं ते गावानं ठरवायचं. या दोन गोष्टी कागदावर आल्याशिवाय एकही नाव देऊ नका.

आता हे धोरण नेमकं काय आहे ते बघू, कारण मिटिंगमध्ये अर्धंच वाचून दाखवतात.

डिसेंबर १९८८ मध्ये दिल्ली सरकारनं नवं वननीती जाहीर केलं. त्याआधीचं १९५२ सालचं होतं, त्यात देशाची गरज म्हणजे कारखान्याची गरज असंच धरलेलं होतं. १९८८ च्या नीतीत लिहिलंय की जंगलात आणि जंगलाजवळ राहणाऱ्या माणसांच्या जळण, चारा, घरबांधणीचं लाकूड या गरजा आधी भागल्या पाहिजेत, आणि जंगल राखायचं तर लोकांची मोठी चळवळ उभी राहिली पाहिजे. वाचायला बरं आहे. मग १ जून १९९० ला दिल्लीहून सगळ्या राज्यांना पत्र गेलं की उजाड झालेलं जंगल पुन्हा उभं करायला गावाला सोबत घ्या. त्या पत्रावरून आपल्या महाराष्ट्र सरकारनं १६ मार्च १९९२ ला शासन निर्णय काढला. मिटिंगा सुरू झाल्या त्या यामुळं.

जूनच्या पत्रात गावाला काय मिळणार ते सांगितलंय: गवत, फांद्या-डहाळ्या, जंगलातला बारीकसारीक माल, आणि झाडं मोठी होऊन तोडली तर विक्रीत वाटा. पण त्याच पत्रात हेही लिहिलंय की जमिनीवर मालकी किंवा भाडेपट्टा कुणाला द्यायचा नाही, त्या जागेत शेती करू द्यायची नाही, गुरं चारू द्यायची नाहीत. हा भाग मिटिंगमध्ये कुणी वाचत नाही.

आणि दुसरा कागद तर पिशवीतून बाहेरच काढत नाहीत. त्याच वर्षी, १८ सप्टेंबर १९९० ला, त्याच मंत्रालयातून आणखी परिपत्रकं निघाली. त्यांत म्हटलंय की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीची, राज्याच्या नियमात बसणारी अतिक्रमणं नियमित करा, पट्ट्यांचे वाद मिटवा, वनगावांना महसुली गावं करा. महाराष्ट्राचा स्वतःचा नियम त्याहून जुना होता. ३१ मार्च १९७८ ला ज्याच्या ताब्यात प्लॉट होता त्याला तो मिळायला हवा होता. १९९२ पर्यंत ती तारीख उलटून १४ वर्षं झाली. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही आपल्या दाव्यांची नीट चौकशी करा म्हणून सांगितलं. जून आणि सप्टेंबर यांत साडेतीन महिन्यांचं अंतर. जूनचा कागद रेंज ऑफिसातून नाक्यापर्यंत, नाक्यापासून पाड्यापर्यंत पोचला. सप्टेंबरच्या कागदाला मात्र घाट चढवेना.

याचा परिणाम काय होतो ते यंदा उन्हाळ्यात दिसलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून केसमध्ये आहेत. रोजगार हमीतून फॉरेस्टनं रोपवनाचं काम काढलं. गावातली वीस-बावीस पोरं मस्टरवर लागली. तीन दिवस माळावर खड्डे झाले. चौथ्या दिवशी मुकादमानं दोरी टाकली ती ओढ्याच्या पलीकडं, एका विधवा बाईच्या प्लॉटात. तिचा नवरा असल्यापासून तिथं वरई-नागली होते, दंडाच्या पावत्या तिच्या पेटीत आहेत. पोरांनी कुदळी खाली ठेवल्या. मुकादम म्हणाला, आज काम बंद केलंत तर आठवड्याची हजेरी धरणार नाही. त्या पोरांत तिचा सख्खा पुतण्या होता. तो म्हणाला, काकीच्या जमिनीत खड्डा खणून तिला काय तोंड दाखवू? संध्याकाळपर्यंत पोरं झाडाखाली बसून राहिली. हजेरी मिळाली नाही, आणि काम अडवलं म्हणून चौघांवर केस झाली.

साथींनो, यात नीट बघा. जमीन काढून घ्यायला पोलीस आणावे लागले असते तर गाव उभं राहिलं असतं. इथं पोलीस नको, नोटीस नको. आपल्याच पोराच्या हातात आपलीच कुदळ, आणि वर हमीची मजुरी. एकदा खड्डे झाले, रोपं लागली, की कागदावर ते 'रोपवन' होतं. मग तुमची दंडाची पावती घेऊन तुम्ही बसा. म्हणून काम आणि जमीन हे प्रश्न वेगळे ठेवता येत नाहीत. मजुरीची लढाई वेगळी आणि प्लॉटची वेगळी, असं आपल्यातलेही काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

मग काम नकोच, असं का म्हणत नाही? कारण कामाची गरज खोटी नाही आणि जंगलाचीही गरज खोटी नाही. डोंगर बघा. ऐन, धावडा, शिसव कुठं उरलाय? आधी कंत्राटदारानं नेलं, मग महामंडळानं मिश्र जंगल तोडून नुसता साग लावला, रात्री ट्रकनं अजून जातं, आणि मोळी विकून पोट भरायची वेळ आलेल्या घरांची कुऱ्हाडही त्याच जंगलावर पडते. झरे जानेवारीत आटतात. शेवळं, कोळू, करांदे आणायला बायांना पूर्वीपेक्षा दुप्पट चालावं लागतं. हे जंगल पुन्हा उभं करायला हात लागणार आहेत, खूप हात, आणि पुष्कळ वर्षं. ते हात गावातच आहेत, पण दिवाळीनंतर विटा थापायला जातात. ज्या सरकारला जंगल वाढवायचंय त्यानं आधी या पोरांना गावात राहता येईल असं काहीतरी करायला हवं.

आणि ही काही भीक नाही. रोजगार हमी हा महाराष्ट्राचा कायदा आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसं रस्त्यावर आली, त्यातून योजना वाढली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खेड्यातल्या कुठल्याही सज्ञान माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. खर्चातला निदान ६० टक्के वाटा मजुरीवर गेला पाहिजे. पैसा कुठून यायचा? शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचे आणि तेवढीच भर सरकार घालायचं. म्हणजे पैसा होता. १९८८ साली सगळ्यात खालच्या पट्ट्यातली किमान मजुरी ६ रुपयांवरून १२ झाली. मजुरी दुप्पट झाली आणि कामं आटली, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. मग कामाला गेलं तर म्हणायचे ५० माणसं आणा, ५० आणली तर म्हणायचे काम मंजूर नाही.

त्यात हमीचं काम म्हणजे रस्ता नाहीतर खडी, असं होऊन बसलंय. खडी फोडायला पोरगं पाठवा, रस्त्याच्या कडेला रचा, पुढच्या पावसात वाहून जाईल, पुन्हा फोडा. जंगलाची कामं काढली तरी ती उन्हाळ्यात खड्ड्यांपुरती आणि पावसात लावणीपुरती. पुढं त्या रोपाचं काय झालं ते बघायला कुणी येत नाही. मस्टरवर खड्डे मोजतात, जगलेली झाडं मोजत नाहीत. त्यामुळं एकाच माळावर तीन तीन वेळा रोपवन झालेलं आहे आणि माळ अजून उघडाच आहे. दर वेळी निलगिरी नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. गुरं खात नाहीत म्हणून लावतात. गुरं खात नाहीत, पाखरू बसत नाही, आणि आपल्याही काही कामाचं नाही.

जंगलाला खरं तर बारा महिने काम आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत समतल चर, ओघळीत दगडी बांध, वनतळी. थंडीत पिशव्या भरून रोपवाटिका सुरू करायची. फेब्रुवारीपासून जाळरेषा काढायच्या आणि मे संपेपर्यंत वणव्यावर पहारा ठेवायचा. पहिल्या पावसात लावणी, मग निंदणी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं. असं निदान तीन वर्षं एका जागेवर टिकून केलं तर झाड उभं राहतं. आणि जिथं खोडं जिवंत आहेत तिथं तर लावायचीही गरज नाही. नुसतं राखलं, वणवा आणि कुऱ्हाड थांबवली, तर ऐन, साग, पळस आपोआप फुटतात. ही गोष्ट शाळा न शिकलेल्या गुराख्यालाही माहीत आहे, पण योजनेत बसत नाही, कारण खड्डा नाही तर बिल नाही.

तरुणांसाठी सरकारच्या योजना नाहीत असंही नाही. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना निघाली, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थी घेऊन. त्या योजनेतली कॉलेजची पोरंपोरी आपल्याकडं शिबिराला येतात. चांगली असतात, गाणी म्हणतात, दगड उचलतात, जाताना डोळ्यांत पाणी आणतात. त्यांच्या कामाला श्रमदान म्हणतात आणि त्यांना त्याचं प्रशस्तिपत्र मिळतं. आपलं पोरगं त्याच बांधावर चार महिने दगड वाहतं, त्याला म्हणतात अकुशल मजूर. आमचा त्या पोरांवर राग नाही. पण देशाची सेवा म्हणजे काय, हे कॉलेजात नाव असलेल्यानंच ठरवायचं का? जो वणवा विझवायला अनवाणी धावतो तोही तरुण आहे आणि त्याचंही ते सेवेचंच काम आहे. त्याचीही नोंद हवी, आणि त्याला पोट असल्यामुळं मजुरीही हवी.

१५ ऑगस्ट १९७९ पासून ट्रायसेम नावाची योजना होती. गरीब घरातल्या १८ ते ३५ वयाच्या पोरापोरींना धंद्याचं शिक्षण द्यायचं आणि शिकताना विद्यावेतन द्यायचं. आपल्याकडच्या पोरींना त्यातून शिवणकाम शिकवलं. ज्या पाड्यात वर्षाला एकदा होळीला कापड घेतात तिथं दहा शिंपिणी तयार झाल्या. पोरांना रेडिओ दुरुस्ती शिकवली. आमचं म्हणणं, त्याच योजनेत रोपवाटिका का नव्हती? आंब्याची, आवळ्याची कलमं बांधणं का नव्हतं? जमीन मोजणं, उतार काढणं, पाण्याचा अंदाज घेणं का नव्हतं? सातवी-दहावी झालेलं पोरगं हे दोन महिन्यांत शिकतं. मग समतल चराची दोरी टाकायला बाहेरचा मुकादम लागणार नाही, आणि कुठं टाकायची नाही हेही त्याला ठाऊक असेल.

फळझाडांचंही असंच. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लावायला आदिवासी शेतकऱ्याला पूर्ण अनुदान होतं. आंबा, काजू, चिकू. योजना चांगली होती. पण तिला सातबारा लागायचा. ज्याचा प्लॉट नावावर नव्हता त्याला एक कलम मिळत नव्हतं, उलट त्यानं स्वतः लावलेला आंबा गार्ड उपटून टाकायचा. झाड लावल्याबद्दल एकाला अनुदान आणि दुसऱ्याला गुन्हा. फरक फक्त तलाठ्याच्या वहीतल्या एका ओळीचा.

थोडं दूरचं सांगतो, कारण आपल्यासारखं कुणाचं झालंय का असं काही तरुणांनी विचारलं होतं. १२ ऑक्टोबर १९९२ ला कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला त्याला ५०० वर्षं झाली. तिथल्या मूळ आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या ते या बुलेटिनात पुढं कधी सविस्तर लिहू. आज त्यातली एकच गोष्ट. १९३३ साली त्या देशात भयंकर बेकारी होती. रूझवेल्ट नावाचे अध्यक्ष आले आणि त्यांनी तरुणांची एक फौज उभी केली, बंदुकीची नाही, फावड्याची. पोरांनी छावणीत राहायचं, झाडं लावायची, बांध घालायचे, वणवे विझवायचे. महिन्याला ३० डॉलर मिळायचे, त्यातले बहुतेक थेट घरी आईबापांना जायचे. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्यातून गेले आणि त्यांनी ३०० कोटींच्या आसपास झाडं लावली. सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं ते यातून दिसतं. आदिवासींसाठी या फौजेचा वेगळा विभाग होता. त्यात सुमारे ८० हजार माणसांनी काम केलं, आपापल्या राखीव मुलखातच, आणि पुष्कळांना घरी राहून कामावर जाता यायचं. लग्न झालेल्यांनाही घेत. म्हणजे माणसाला गावातून उपटल्याशिवाय काम देता येतं.

पण त्याच वर्षांत, त्याच सरकारनं, नवाहो नावाच्या आदिवासींची मेंढरं कमी करायचं ठरवलं. सांगितलं की तुमच्या मेंढरांनी गवत खाल्लं, माती सुटली, आणि ती माती मोठ्या धरणात जाऊन धरण भरेल. धरण कुणाचं, पाणी कुणाला, ते तुम्हीच समजा. हजारो मेंढरं-बकऱ्या नेल्या, कित्येक तर जागीच गोळ्या घालून मारल्या. नवाहोंचं सगळं जगणं मेंढरांवर होतं. एका बाजूला माती राखायची मजुरी मिळाली आणि दुसऱ्या बाजूला माती राखायच्याच नावानं घरातलं भांडवल गेलं. मजुरी १९४२ ला बंद झाली. मेंढरं परत आली नाहीत. मुलूख कसा राखायचा ते त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं.

जवळचं उदाहरण आहे ते बंगालातलं. तेव्हाच्या मेदिनीपूर जिल्ह्यात अराबारी म्हणून जागा आहे. १९७२ च्या सुमाराला तिथले वन अधिकारी अजित बॅनर्जी यांनी ११ गावांतल्या ६१८ कुटुंबांना बोलावून सांगितलं की सालाचं जंगल तुम्ही राखा, आम्ही तुम्हाला लावणीचं आणि इतर काम देतो, आणि जंगल तयार झाल्यावर उत्पन्नात २५ टक्के वाटा. जंगल सुमारे १,२७२ हेक्टर. आधी काम दिलं, मग लोकांनी राखलं, आणि साल फुटला. दिल्लीच्या १९९० च्या पत्रामागं हेच अराबारी आहे. फक्त पत्रात 'राखा' ठळक आलं आणि 'आधी काम द्या' बारीक झालं. अराबारीला खोडं जिवंत होती हे खरं, आणि तिथंही जमीन खात्याचीच राहिली. तरी पोट भरल्याशिवाय राखण होत नाही, एवढं कळणारा एक अधिकारी तिथं होता.

आपल्याकडं नुसत्या समितीनं काही होत नाही याचाही अनुभव आहे. १९४७ साली, बाळासाहेब खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, कंत्राटदाराला हटवायला जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या. हेतू चांगला होता आणि काही सोसायट्यांनी मजुरी खरंच वाढवली. पण किती ठिकाणी चेअरमन आदिवासी आणि चावी दुसऱ्याच्या कमरेला, ते तुम्हाला सांगायला नको. १९९२ च्या वन समितीत सचिव फॉरेस्टचा माणूस होता. वही त्याच्याकडं, शिक्का त्याच्याकडं, मिटिंग कधी ते तो ठरवायचा. अशा समितीत आपलं पोरगं सभासद झालं म्हणजे गावाची सत्ता आली असं समजू नका.

म्हणून सरकारकडं आपलं मागणं असं आहे. जंगलाच्या कामाचा वर्षाचा आराखडा गावाच्या सभेत व्हावा, बाया आणि तरणी पोरं हजर असताना, आणि सभेनं नाही म्हटलेल्या जागी काम निघू नये. तरुणांच्या कायमच्या टोळ्या कराव्यात, एका गावाला एक, आणि त्यांना रोजगार हमीतून वर्षातले निदान आठ महिने काम द्यावं, तेही गावापासून ५ किलोमीटरच्या आत. पहिल्या पावसाला लावलेल्या झाडाची दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची निगराणीही त्याच टोळीकडं असावी आणि तिची मजुरी मंजूर असावी. झाडं कुठली ते गावानं सांगावं: मोह, चार, आवळा, हिरडा, बेहडा, माणगा बांबू, ऐन. रोपवाटिका गावातल्या पोरींच्या गटाला चालवायला द्यावी आणि खात्यानं रोप त्यांच्याकडून विकत घ्यावं. आज पोरी पिशव्या भरतात आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर निघतात. मजुरी आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी. आणि या टोळीत दोन-तीन वर्षं काम केलेल्याला गार्डच्या, वनमजुराच्या भरतीत आधी घ्यावं. उंची आणि छातीचं माप नंतर बघा.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे. हद्दी नक्की करायच्या. कुठला प्लॉट कुणाचा, कधीपासूनचा, दंडाची पावती आहे का, बांध, झाडं, विहीर काय खुणा आहेत, ओढा कुठं, गावाचं चराईचं रान कुठं, देवाचं रान कुठं. हे मोजून नकाशावर आल्याशिवाय कोणतीही लावणी म्हणजे आंधळ्याची कुऱ्हाड. आमचं तर म्हणणं आहे की तरुणांच्या सेवेचं पहिलं काम हेच धरावं आणि आदिवासी विकास विभागानं त्याची मजुरी द्यावी. जंगल कुठून सुरू होतं हेच ठरलेलं नसेल तर राखणार काय? सरकार देईपर्यंत आपण थांबणार नाही. संघटनेकडं टेप आहेत आणि दोन जुन्या साखळ्या आहेत. शिकवायला माणूस येईल, जेवण गावानं द्यावं.

तुमच्यातले काही म्हणतील की एवढं सगळं मागत बसलो तर काम दुसऱ्या गावाला जाईल. जाईल. फॉरेस्टवाले तसं बोलूनच दाखवतात. म्हणून एकट्या गावानं उत्तर द्यायचं नाही. शेजारच्या चार-पाच गावांनी एकत्र बसून एकच ठराव करायचा. एका डोंगराच्या चारी बाजूंची गावं एक झाली तर काम न्यायला दुसरं गाव उरत नाही. आणि ज्यांनी घाईत नावं दिलीत त्यांना गावात कुणी नावं ठेवू नका. त्यांना मिटिंगला बसवा, त्यांच्याच तोंडून मुकादम काय बोलला ते सगळ्यांना कळू द्या.

आता दिवाळीच्या आत करायचं ते असं. प्रत्येक पाड्यात सभा घ्या. फॉरेस्टचा कागद आला असेल तर अंगठा देऊ नका, त्याची नक्कल मागा, नाही दिली तर मागितली होती एवढं लिहून ठेवा. ठरावात दोन वाक्यं हवीतच: १९७८ च्या आधीच्या दाव्याच्या जमिनीवर काम घेणार नाही, आणि कामाची जागा गावसभा ठरवेल. मग अठरा वर्षांपुढच्या सगळ्या पोरापोरींनी रोजगार हमीचा नमुना ४ भरायचा, कामाच्या रकान्यात समतल चर, दगडी बांध, रोपवाटिका असं स्पष्ट लिहायचं, आणि पोच घेतल्याशिवाय तहसीलमधून हलायचं नाही. पोचेवर तारीख बघा. १५ दिवस तिथूनच मोजायचे. ज्यांच्या पेटीत दंडाच्या पावत्या आहेत त्यांनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, यंदा पाऊस लांबलाय आणि दोन घरांच्या पावत्या भिजल्या. मोजणी शिकायला प्रत्येक गावातून दोन जण पाठवा, त्यांतली एक पोरगी असावी. नावं पुढच्या बाजारापर्यंत कचेरीत कळवा.